ईपरला येण्याआधी वाचा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांनी फोनवर विचारलं, "रोज बिगुल वाजवतात म्हणजे नेमकं काय करतात?" ते तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

बेल्जियममधलं ईपर (बाबांच्या पुस्तकांतलं ईप्र) पहिल्या महायुद्धात पार जमीनदोस्त झालं होतं. पुन्हा बांधलेल्या गावाच्या पूर्वेच्या वेशीवर मेनिन गेट ही भलीमोठी कमान आहे. तिचं उद्घाटन २४ जुलै १९२७ चं. ज्यांचा देह ओळखता आला नाही किंवा सापडलाच नाही अशा ५४,००० हून जास्त सैनिकांची नावं तिच्यावर कोरली आहेत. आजही शेतात कुणाचे अवशेष सापडतात. ओळख पटली की त्याला कबर मिळते आणि पुढे कधीतरी भिंतीवरून नाव काढतात.

या सैनिकांच्या आठवणीसाठी कमानीखाली रोज बिगुल वाजवायची कल्पना इथल्या पोलीसप्रमुखाची. २ जुलै १९२८ ला सुरुवात झाली, पण पहिल्या वर्षी काही महिनेच. रोजचा नेम १९२९ पासून. वाजवणारे गावच्या अग्निशमन दलातले, लष्करातले नव्हेत. मला यातच खरी गोम वाटते. मे १९४० मध्ये जर्मन आले तेव्हा खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, आणि एका बाजूला गोळीबार चालू असतानाच त्या संध्याकाळी बिगुल वाजला. कोरोनात गर्दी बंद होती, तरी एकटा वादक येत असे.

आता कामाचं. कार्यक्रम रात्री आठला. कमानीखालून रहदारीचा रस्ता जातो, तो थोडा आधी अडवतात. उन्हाळ्यात सव्वासातपर्यंत पोहोचायला हवं, नाहीतर पुढच्यांच्या पाठीच दिसतील. खुर्च्या नसतात. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल आण. आत वारा घोंघावतो, जूनमध्येही शाल असू दे.

आधी 'लास्ट पोस्ट' (मृतांना निरोपाची बिगुलधून), मग एक मिनिट स्तब्धता, मग पुष्पचक्रं, शेवटी 'रेव्हेली' (सैनिकांना उठवायची धून). एरवी दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. बिगुलाला पडदे-बटणं नसतात, सगळे सूर ओठांनी काढायचे. थंडीत पितळ गार पडलं की स्वर उतरतो, म्हणून हिवाळ्यात जरा बेसूर वाटलं तर वादकाला दोष देऊ नका. एक चूक मात्र नेहमी होते: सूर थांबला की लोक टाळ्या वाजवतात. इथे टाळ्या नाहीत. पुष्पचक्र वाहायचं असेल तर आयोजकांना बरेच दिवस आधी कळवावं लागतं, ऐनवेळी जमत नाही.

नावं रेजिमेंटप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे आहेत. नुसतं आडनाव घेऊन भिंती धुंडाळल्यात तर मान अवघडेल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरून फलकाचा क्रमांक आधीच काढून ठेवा. भारतीय नावांचं स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं आहे, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधा.

पण भारतीयांची जास्त नावं इथे नाहीत, ती सीमेपलीकडे फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला आहेत, ४,७०० च्या वर. बाबा, तुम्हाला तेच जवळचं वाटेल. २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथे चालून गेलेल्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करातल्या अभियंता सैनिकांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. तिथे बस-ट्रेनचा खटाटोप नको, मी गाडी ठरवते.

जखमींचं ठिकाण वेगळं. पश्चिमेला पोपरिंगजवळ लैसेन्टहूकला लष्करी रुग्णालयं होती. तिथल्या स्मशानभूमीत दहा हजारांहून जास्त कबरी आहेत. ही माणसं खाटेवर, कागदपत्रांसह गेली, म्हणून जवळजवळ प्रत्येक दगडावर नाव आहे. मेनिन गेटच्या नेमकं उलट. हे सकाळी करू, संध्याकाळी कमान.

ईपरला मुक्काम करूया. कार्यक्रमानंतर स्टेशनपर्यंत वीसेक मिनिटं चालायचं आणि उशिराच्या गाड्या कमी, ती धावपळ आईला झेपणार नाही. स्टूलाची तेवढी आठवण ठेवा.

तुमची लेक