बालशिक्षण आपल्याकडे कालच आले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बालवाड्यांच्या ‘समग्र विकासा’वरचा पानभर लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले. आज तेच पान रद्दीत टाकताना पुन्हा नजरेस पडले आणि राहवेना. लेखिकेचा अभ्यास दांडगा असणार, फोटोही सुरेख आहेत. पण मुलाचे शरीर, मन, भाषा, सवयी या सगळ्यांचा एकत्र विचार करणारे शिक्षण ‘आता कुठे आपल्याकडे रुजू लागले आहे’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्राने, तेही ठाणे-पालघर आवृत्तीत, छापावे? डहाणू लोकल पकडली असती तरी, जिथे हे काम कधीचेच उभे राहिले, त्या डहाणूजवळच्या कोसबाडला पोचता आले असते हो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणू भागातल्याच बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले ते १९४५ साली. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. थोडी मोठी मुले गुरांमागे जायची, तर गुरे चरतात तिथेच भरणारी कुरणशाळा काढली. माँटेसरीबाईंची साधने महाग पडतात म्हणून बिया, शिंपले, गारगोट्या, पाने यांतून साधने केली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही तिथला अभ्यासक्रमच. त्याला इंग्रजी नाव नव्हते आणि माहितीपुस्तिका गुळगुळीत कागदावर छापलेली नव्हती, एवढाच काय तो उणेपणा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, म्हणजे दिल्लीपर्यंत बातमी पोचली होती. आपल्या पुरवणी विभागापर्यंत पोचायला वेळ लागतो आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करताना आम्हा मुलींना कोसबाडला नेले होते. भाषण कोणी काय केले ते आता आठवत नाही, पण एक ताई पायरीवर बसून एका वारली पोराची नखे कापत होती, ते लख्ख आठवते. एकेक नख कापले की पोर स्वतःच आकडा म्हणे. चारनंतर स्वारी एकदम सहावर गेली. ताईने ‘चुकलं’ म्हटले नाही की ‘पुन्हा म्हण’ म्हटले नाही. तिने मधले राहिलेले बोट धरून नुसते त्याच्यापुढे केले. पोराने बोटाकडे बघितले, ताईकडे बघितले आणि ‘पाच’ म्हटले. मग पुढचे नख. आमच्या बाईंनी तेवढ्यावर आमचा अख्खा तास घेतला होता. स्वच्छता, गणित, भाषा, माया, सगळे त्या एका नेलकटरवर! पुढे मी बरीच वर्षे बालवाडी चालवली, आणि हात धुवायची रांग लागली की मुलांकडून अंक म्हणवून घ्यायची सवय मला तिथूनच लागली.

आता माझ्या नातवाचे ऐका. मुलीचा मुलगा, साडेतीन वर्षांचा. त्याची बालवाडी (बालवाडी म्हटलेले मुलीला चालत नाही, प्री-स्कूल म्हणायचे) तुमच्या लेखातल्यासारखीच समग्र. फीचा आकडा लिहीत नाही, आमच्या ह्यांचे ब्लडप्रेशर आधीच वाढलेले असते. प्रवेशद्वाराशी पंचकोशांचा, म्हणजे शरीर, प्राण, मन, बुद्धी, आनंद या माणसाच्या पाच थरांचा, तक्ता लावला आहे, अन्नमय ते आनंदमय, पाकळ्यापाकळ्यांचा. गेल्या महिन्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आले: सेन्सरी प्लेसाठी राजमा, मसूर, हरभरे, रंगीत पास्ता, प्रत्येकी पाव किलो, वेगवेगळ्या पारदर्शक डब्यांत. आणून दिले. मला तर आनंदच झाला. कडधान्यात हात घालणे, ओतणे, निवडणे, वेगळे करणे यासारखा खेळ नाही, आम्ही तेच करायचो.

संध्याकाळी ॲपवर फोटो आला. नातवाचा हात ट्रेमध्ये आणि डोळे कॅमेऱ्याकडे. विचारले, ‘‘काय काय केलंस रे आज डाळीचं?’’ म्हणाला, ‘‘फोटो काढला.’’ ‘‘आणि मग?’’ ‘‘मग नेक्स्ट.’’ चौकशी केली तेव्हा कळले ते असे, की रांगेने प्रत्येकाने हात घालायचा, फोटो काढायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. हा वाटीने ओतत बसला तर उठवले. वर ‘ही टेक्स टू मच टाइम’ असे ताईंनी मुलीला सांगितले. अहो, वेळ लागायलाच तर डाळ असते! घरी मी परातीत दोन डाळी मिसळून दिल्या, तर हे बाळ जेवायला हाक मारेपर्यंत जागचे हलले नाही. शाळेत दिलेला किलोभर माल परत आलेला नाही, हेही नमूद करून ठेवते. राजमा काय भावाने मिळतो ते संपादकांना ठाऊक असेल.

आणि डाळीचे ट्रे उचलले की काय? वर्कशीट. स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन. ठिपके जोडा, सफरचंद रंगवा, रेघेबाहेर जाऊ नका. पालकसभेत सांगितले, ‘पेन्सिल ग्रिप वीक आहे, घरी प्रॅक्टिस घ्या.’ हाच मुलगा माझ्याशेजारी बसून मटार सोलतो, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात भरतो. त्या बोटांना काय झाले आहे? पेन्सिल धरायची घाई त्याच्या बोटांना नाही, पहिलीच्या प्रवेशाची धास्ती घेतलेल्या मोठ्यांना आहे. मुलगी म्हणते, ‘‘आई, तुझ्या वेळचं सोड गं, सगळीकडे असंच असतं.’’ बरे, सोडले. पण ज्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वयाच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा तुमच्या लेखात दोनदा जयघोष आहे, तो तर माझ्या वेळचा नाही ना? तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तके नकोत, असे त्यातच म्हटले आहे. पंचकोश तेवढे उचलून दारावर लावले, बाकीचा आराखडा कपाटात. आणि नर्सरीच्या प्रवेशाला मुलांच्या चाचण्या-मुलाखती नकोत, हे मुलांवरचे शिक्षणाचे ओझे कमी कसे करावे ते सुचवणाऱ्या सरकारी यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले होते. तरी आमच्या नातवाला प्रवेशाच्या वेळी ‘नुसत्या गप्पा’ म्हणून आत नेऊन सहा रंग विचारलेच. त्याला पाच आले. सहावा पर्पल होता. आमच्या घरात त्याला जांभळा म्हणतात.

तुमच्या लेखात संचालिका बोलतात, मानसतज्ज्ञ बोलतात, दोन समाधानी आया बोलतात. वर्गावर उभी राहणारी ताई कुठेच नाही. एका ताईकडे मुले किती, तिचे प्रशिक्षण काय, हातात पगार किती पडतो, हे तीन प्रश्न विचारले असते तर बाकीचा लेख लिहायची गरज पडली नसती. नातवाच्या वर्गातली पोरगी गोड आहे, माझा तिच्यावर राग नाही. एका हाताने नाक पुसायचे, दुसऱ्याने ॲपवर फोटो चढवायचे, आणि फोटो कमी पडले तर पालकांची बोलणी खायची. अंगणवाडीच्या सेविकांचे तर विचारूच नका. पोषण आहार, वजने, लसीकरणाच्या याद्या, मोबाइलवरची माहिती, हे उरकून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. मानधनासाठी त्या डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हा हीच पुरवणी ‘मुलांच्या डब्यासाठी दहा रंगीत पदार्थ’ सांगत होती, असे मला पक्के आठवते.

त्याच पानाच्या तळाशी एका प्री-स्कूल साखळीची ‘प्रवेश सुरू’ अशी जाहिरात होती. योगायोग असेल. मात्र तिच्यासाठी शब्दकोडे काढून टाकले, हे बरे झाले नाही. आमच्याकडे रविवारी पेपर घेतात तो त्या कोड्यासाठी. मागच्या कोड्याची उत्तरेही त्यामुळे आली नाहीत, आणि आडवा सतरा अजून अडलेला आहे.

पत्रे दोनशे शब्दांत पाठवा, अशी तुमची सूचना असते. त्या लेखाला अख्खे पान आणि आम्हाला दोनशे शब्द, असा हिशेब दिसतो. कात्री लावायचीच असेल तर राजम्याच्या भावाला लावा, कोसबाडला लावू नका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)