घोड्याचे नाव छापता, भावाचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी रेस असते आणि त्या सकाळी आपल्या अंकात प्रत्येक रेससाठी एक घोडा सुचवलेला असतो. शेजारी ‘खात्रीची बाजी’, ‘धक्का देऊ शकेल’ असे शेरे. एका गोष्टीचा मात्र उल्लेख नसतो : तो घोडा कोणत्या भावापर्यंत (लावलेल्या पैशामागे मिळणाऱ्या नफ्याच्या दरापर्यंत) लावण्यासारखा आहे. घोडा जिंकेल का, हा अर्धाच प्रश्न झाला. मिळणाऱ्या भावात तो परवडतो का, हा उरलेला अर्धा, आणि खिसा रिकामा होतो तो तिथेच.

सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर जीएसटी 40 टक्के झाला. त्याआधी 28 होता. तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. म्हणजे 100 रुपयांची पैज 140 ला पडते. पाचास दोनचा (पाच रुपयांमागे दोन नफा) फेव्हरिट, म्हणजे सर्वांची पहिली पसंती असलेला घोडा, जिंकला तर मुद्दलासह परत मिळतात 140. घोडा पहिला आला, टाळ्या वाजल्या, हातात शून्य! बरोबरीच्या भावाचा (लावाल तेवढाच नफा) घोडा, कर नसता तर, दोन रेसमागे एकदा जिंकला की हिशेब जुळला असता; आता दहात सातदा जिंकायला हवा. एकास पाचच्या घोड्याला कर नसता तर सहात एकदा पुरले असते, आता चार-साडेचार रेसमागे एकदा लागते. शिवाय जिंकलेली रक्कम 10,000 वर गेली की 30 टक्के टीडीएस, आणि दिवसभरातली हार त्या जिंकलेल्या रकमेतून वजा करून दाखवता येत नाही. हे माहीत असताना पाचास दोनच्या घोड्याला ‘खात्रीची बाजी’ म्हणणे म्हणजे वाचकाला उंबरठ्यावरच अडखळवणे.

बुकीचा स्वतःचा हिस्सा वेगळाच. समजा सहा घोड्यांचे भाव दीडपट, अडीचपट, चारपट, सहापट, दहापट, वीसपट आहेत. प्रत्येक भावामागची जिंकण्याची टक्केवारी काढून (चारपट म्हणजे पाचात एक, 20 टक्के) बेरीज केली की 116.7 येते. शंभराच्या वरचे 16.7 हा बुकीचा गाळा. रिंगमध्ये (रेसकोर्सवर परवानाधारक बुकी बसतात तिथे) चार बोर्ड फिरून मग तिकीट फाडायचे ते याचसाठी. बुकीच्या तिकिटावर भाव बांधलेला असतो. टोट म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटणारी खिडकी; तिचा डिव्हिडंड (रुपयामागे मिळणारा परतावा) खिडकी बंद झाल्यावरच ठरतो. स्क्रीनवर टोटचा आकडा बुकीपेक्षा चांगला दिसला, तरी शेवटच्या मिनिटाला मोठी रक्कम आली की तो कोसळतो. रिंगबाहेरच्या बुकीकडे कर वाचतो असे सांगणारे भेटतात. ते बेकायदा आहे आणि पैसे बुडाले तर तक्रारीला जागा नाही, हेही आपल्या रकान्यात कधी तरी यावे.

आता खुद्द डर्बी. ती चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटरची, ठरीव वजनांची रेस. रोजच्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे वजन देऊन घोड्यांची बरोबरी साधणाऱ्या रेसमध्ये, रेटिंगच्या (घोड्याच्या कुवतीच्या आकड्याच्या) एका गुणाला अर्धा किलो वजन चढते, म्हणजे 10 गुणांनी सरस घोड्याच्या पाठीवर 5 किलो जास्त. डर्बीत ही वेसण नसते, म्हणून सरस घोडा पूर्ण सरस राहतो. हँडिकॅपमध्ये ‘हलका आहे, काढेल’ म्हणून जो घोडा उचलला जातो, त्याच तर्काने डर्बीत घोडा निवडणे चूक. फिलीला (तरुण घोडीला) मात्र दीड किलोची सूट असते. 1943 ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनेच मारली होती, 2010 ची जॅकलिनने.

दुसरा मुद्दा अंतराचा. डर्बीआधी डिसेंबरमध्ये होणाऱ्या गिनीज या मोठ्या रेस 1600 मीटरच्या. तिथे शेवटी झेप घेऊन जिंकलेला घोडा पुढचे 800 मीटर टिकेलच असे नाही. त्याच्या घराण्यात लांब पल्ल्याचे घोडे आहेत का आणि तो सुरुवातीला जॉकीच्या हातात शांत धावतो की लगाम ओढत राहतो, हे पाहावे लागते. ओढणारा घोडा शेवटच्या 400 मीटरसाठी काही शिल्लक ठेवत नाही. उलट ओक्स (फिलींची 2400 मीटरची रेस) धावलेल्या फिलीने ते अंतर आधीच कापलेले असते. बाहेरगावच्या घोड्यांबाबत आधीची मोठी रेस आणि प्रवास यांत किती दिवस गेले, ते मोजावे.

ड्रॉ (सुरुवातीला घोडा कितव्या जागेवर उभा) आणि फॉल्स रेल (आतल्या कठड्यापासून बाहेर सरकवलेला तात्पुरता कठडा) यांची माहिती क्लब जाहीर करतो, आपण ती छापत नाही. अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर घोडा रेलपासून एक मीटर बाहेर धावला की त्याला तीन मीटरहून थोडे जास्त अंतर धावावे लागते. तीन मीटर बाहेर राहिलेला घोडा साडेनऊ मीटर, म्हणजे जवळपास चार लेंग्थ (घोड्याच्या लांबी), वळणावरच गमावतो. मागच्या रेसमध्ये दोन लेंग्थनी हरलेला घोडा कुठून धावला होता हे कळले, तर ती हार वेगळी दिसते.

सकाळच्या गॅलपच्या (सरावाच्या धावेच्या) वेळा आपण देता, पण ‘शेवटचे 600 मीटर 38 सेकंद’ एवढेच. घोडा मोकळा आला की ढकलून आणला, सोबतीला कोणता घोडा होता, वर जॉकी होता की वजनदार रायडिंग बॉय, याशिवाय त्या 38 ला अर्थ नाही.

जॅकपॉटचे, म्हणजे ओळीने पाच रेसचे विजेते ओळखण्याच्या पैजेचे, तर बोलायलाच नको. पाच रेसमध्ये 2, 3, 1, 4, 2 घोडे धरले की 48 जोड्या होतात. जोडीला दहा रुपये धरले तर 480, करासह 672. मग कुणी तरी म्हणतो, एकच घोडा धरलेल्या डर्बीत आणखी एक टाकू, आणि तिकीट थेट दुप्पट : 1344. एकटा घोडा कमी घोड्यांच्या, ठरीव वजनाच्या रेसमध्ये धरायचा आणि पसारा मोठ्या हँडिकॅपमध्ये करायचा. लोक नेमके उलटे करतात.

सर्वांत घातक सल्ला ‘हरल्यावर दुप्पट लावा’ हा. 200 पासून सहा वेळा हरलात की 12,600 गेले, करासह 17,640. सातवी पैज 12,800 ची, करासह 17,920. ती बरोबरीच्या भावाने जिंकली तर परत 25,600. एकूण घातले 35,560. म्हणजे जिंकूनही 9,960 चा खड्डा. कर नसता तर याच खटपटीत 200 रुपये सुटले असते. त्यापेक्षा दिवसासाठी बुडाले तरी चालतील एवढे पैसे आधीच बाजूला काढावेत, त्यांचे पंचवीसेक सारखे भाग करावेत आणि भाव पटला नाही तर रेस सोडून द्यावी.

तेव्हा येत्या डर्बीला प्रत्येक टिपेपुढे चार गोष्टी छापाव्यात : रेटिंग व वजन, ड्रॉ, फॉल्स रेलची जागा आणि ‘या भावाखाली लावू नये’ असा एक आकडा. जागेची अडचण असेल, तर मोठमोठ्या टोप्या घातलेल्या पाहुण्यांच्या फोटोंपैकी एक कमी केला तरी भागेल.

आपला,
रेसच्या पानाचा एक नियमित वाचक,
मुंबई