सरवा

उचगाव, ता. बेळगाव
12 जानेवारी

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं ते रताळ्यांमुळं. फोन केला असता, खरं तू लिहिलंस ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात, "खायला काळ नि भुईला भार, आता मी कुणाच्या कामाची?" आणि तुला त्यावर काही बोलता आलं नाही. मलाही आलं नसतं. पण परवा शेतात एक गोष्ट बघितली आणि तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून बसलोय लिहायला.

परवा शेवटच्या पट्टीतली रताळी निघाली. वेल कापून गुरांना घातला, बैलांनी ओळी उकलल्या, मागून बायकांनी माती झाडत रताळी गोळा केली. पोती शिवून टेम्पो मार्केट यार्डला गेला. बारा वाजता शेत रिकामं. म्हणजे आमच्या लेखी रिकामं. तेवढ्यात आई खुरपं आणि बुट्टी घेऊन सरवा, म्हणजे काढणीतून मागं राहिलेलं, वेचायला उतरली. त्र्याऐंशी वर्षांची आहे, कमरेत पार वाकलेली. ती मधल्या ओळींकडं बघतसुद्धा नाही. सरळ बांधाकडं जाते, जिथं बैल वळतात आणि नांगर उचलला जातो. तिथं बसून हातानं ढेकळं चाचपते, बारीक भेग दिसली की बाजूनं, सालीला धक्का न लागता, माती मोकळी करते. तासाभरात बुट्टी भरली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आई, आता काही नाही त्यात." ती वरही न बघता म्हणाली, "तुझ्यासाठी नसंल."

संध्याकाळी त्यातलीच दोन चुलीच्या आरात भाजली, सोलली, बोटांनी कुस्करली आणि पणतीला घेऊन बसली. तुला माहीत आहे, लेक दुसऱ्या बाळंतपणाला आलेली आहे, बाळ सव्वा महिन्याचं, आणि थोरली अडीच वर्षांची. तिला आई हवी असते, आईला सवड नसते. मग पणजी. एक घास तिला, एक स्वतःला. दोघींत मिळून वीस दात, तेही सगळे पणतीचे. कवळी कपाटात आहे, दोन वर्षांपासून.

आता ऐक. मी चौतीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं आणि माणसाच्या उत्क्रांतीचा धडा दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर दोन तासांत गुंडाळला. ते चित्र आठवतं का, माकडापासून माणसापर्यंतची रांग? सगळे पुरुष, शेवटच्याच्या हातात भाला. त्यात म्हातारी एकही नाही. निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की म्हातारीवर एक आख्खा सिद्धांत आहे.

टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास हाडझा नावाचे लोक राहतात. 1980 च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि जेम्स ओकॉनेल हे संशोधक त्यांच्यात जाऊन राहिले. हाडझांतले काही लोक आजही शिकारीवर, मधावर आणि रानातल्या कंदांवर जगतात. कंद खोल, दगडांत अडकलेले. लहान पोरांना ते निघत नाहीत, टोकदार काठीनं उकरावे लागतात. या दोघांनी कोण किती वेळ राबतं ते मोजलं, तर पाळी गेलेल्या बायका तरण्या बायकांपेक्षा जास्त वेळ राबत होत्या. आणि गंमत पुढं आहे. एरवी पोराचं वजन वाढणं त्याच्या आईच्या कष्टावर अवलंबून होतं. तिच्या अंगावर नवं बाळ आलं की थोरल्याचं वजन आजीच्या कष्टावर अवलंबून राहायचं. मी हे वाचलं होतं. बघितलं परवा, आमच्या चुलीपुढं.

चिंपांझीच्या मादीला दोन पिलांत पाच-सहा वर्षांचं अंतर ठेवावं लागतं, कारण पहिलं पिलू आपलं आपण खाऊ लागेपर्यंत सगळा भार तिच्या एकटीवर. माणसांत, शेती न करणाऱ्यांतसुद्धा, तीन-साडेतीन वर्षांत दुसरं होतं. मधली वर्षं कुणीतरी उचलतं. बहुतेक प्राण्यांच्या माद्या पिलं होण्याचं वय संपल्यावर फार जगत नाहीत. काही देवमासे आणि आपण, असे थोडेच अपवाद. हॉक्सबाईंचं म्हणणं असं की ज्या म्हाताऱ्या टिकल्या त्यांची नातवंडं टिकली, आणि त्यांच्यातूनच लांब आयुष्य आपल्यापर्यंत आलं. सगळ्यांना हे पटत नाही, हेही सांगतो. शिकारीच्या मांसाला जास्त मान देणारे आहेत. मला ते लोक पहिल्यापासूनच जरा शिकारीच्या बाजूचे वाटतात.

एक मात्र खरं, पुराव्याच्या बाबतीत म्हातारी कमनशिबी. दगड टिकतो, काठी कुजते. तो इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ, रॉबर्ट ब्रूस फूट, आठवतो? 1863 साली मद्रासजवळ पल्लावरमला त्याला दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या आदिमानवाचा शोध सुरू झाला. तोच माणूस पुढं आपल्या मुलखात फिरला. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत त्यानं दगडी हत्यारं गोळा केली, आणि गोकाकजवळ चिकदौलीला त्याला गेंड्याची हाडं सापडली. 1874 मध्ये त्यानं त्यावर लिहिलं. गोकाकला गेंडा! आणि आपण आठवीत तिथं धबधब्यावर सहलीला गेलो तेव्हा सगळ्या वर्गाचं लक्ष तुझ्या वाहून गेलेल्या चपलेवर. त्या हत्यारांना हात लावणाऱ्या माणसांची हाडं काही आपल्या मुलखात मिळालेली नाहीत. आणि शेजारी बसून कोण काठीनं कंद उकरत होतं, त्याची तर खूणही राहणार नाही. (रताळं मात्र त्यांच्यातलं नव्हे हां. ते अमेरिकेचं. पोर्तुगीजांबरोबर आलं आणि आपल्या लाल मातीत असं रुजलं की यार्डातले हमाल कानडीत 'गेणसु गेणसु' म्हणून ओरडतात तेव्हा ते परकं आहे हे सांगूनही पटत नाही.)

बाळंतपणाचंही तसंच. दोन पायांवर चालायला कंबरेचं हाड आटोपशीर हवं, आणि पोराचं डोकं मोठं. त्यामुळं बाळ वळत वळत येतं, बहुतेक वेळा तोंड आईच्या पाठीकडं करून. तिला स्वतःला ते धरून ओढून घेता येत नाही, म्हणून जगात सगळीकडं कुणीतरी जवळ असतंच. लेकीच्या वेळी दवाखान्यात त्यांनी माझ्या आईला दाराबाहेर बसवलं. नियम असेल. पण जिनं या गल्लीतली अर्धी पोरं हातावर घेतली ती बाकावर पदराचा शेव पिळत बसलीय, हे काही मला बघवलं नाही.

एवढं सगळं काकूंना वाचून दाखव म्हणणार होतो. मग रात्री वाटलं, नको. कारण यात म्हातारीची किंमत शेवटी तिच्या बुट्टीवरच ठरते की. बुट्टी भरायची थांबली, म्हणजे?

जॉर्जिया म्हणून देश आहे, कॉकेशस डोंगरांच्या पायथ्याशी. तिथं द्मानिसी नावाच्या गावात, एका जुन्या शहराच्या अवशेषांखाली, आदिमानवांच्या कवट्या निघाल्या. वय सुमारे 17 लाख 70 हजार वर्षं. त्यातल्या एकीची माहिती 2005 मध्ये छापून आली. तोंडात एक सुळा सोडला तर दात नाही. दातांच्या खोबणी हाडानं भरून गेलेल्या, म्हणजे दात गेल्यावर हा माणूस काही वर्षं जगला. मेंदू आपल्या निम्म्याच्या आसपास. तिथं चुलीचा पुरावा नाही. मग खाल्लं काय? हाडातला मगज, दगडानं ठेचलेलं काहीबाही. कुणी ठेचून दिलं का? काही संशोधक म्हणतात, हो. दुसरे म्हणतात, दात गेलेले चिंपांझीही जगतात, एवढ्यावरून कुणी भरवलं म्हणता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. मी अजून शिक्षक असतो तर फळ्यावर दोन्ही बाजू लिहिल्या असत्या. पण मी घरात खलबत्ता वाजलेला ऐकतो, शेंगदाणे कोण कुटतंय आणि कुणासाठी ते मला माहीत असतं, आणि त्या कवटीनं कुणासाठी काय केलं असेल हा प्रश्न माझ्या मनात येतच नाही.

असो. उद्या पहाटेच्या पुण्याच्या गाडीनं ओळखीच्या ड्रायव्हरकडं पिशवी देतोय. स्वारगेटला उतरवून घे. सगळी सरव्याची आहेत, बारीक दिसतील, गोडी जास्त आहे. कुकरला लावू नका, गॅसवर का होईना, भाजा.

आणि आईचं काम. सांडगी मिरची घालायची आहे आणि किलोला मेथी किती ते तिला आठवत नाही. "विन्याच्या आईच्या मिरचीसारखी व्हायला पाहिजे, तिलाच विचार" म्हणून दोनदा बजावलंय. मिरच्या आणून ठेवल्यात, दही विरजलंय, तेव्हा काकूंना विचारून लगेच कळव.

तुझा,
दत्ता