एर्मू रस्त्यावरचं देऊळ

प्रिय बाळ्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, काय बोलायचं ते बोल. पाठ आता बरी आहे. जहाज दुरुस्तीला पिरियसच्या गोदीत लागलंय. काल सुट्टी मिळाली म्हणून मेट्रोनं अथेन्सला गेलो, आणि जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

एर्मू म्हणजे त्यांचा लक्ष्मी रोड. कपडे, चपला, माणसांची रीघ. आणि त्या रस्त्याच्या ऐन मध्यात एक चिमुकलं चर्च. कडेला नाही रे, मध्यात! गर्दी त्याच्या दोन्ही अंगांनी वाट काढून पुढे जाते. नाव कापनिकारेया. साधारण 1050 च्या सुमाराचं. शाळेच्या सहलीत तू जिथे पाय घसरून पडलास ते अंबरनाथचं शिवालय 1060 चं. म्हणजे दोघं जवळपास एका वयाची. प्रत्येक दगडाला विटांची चौकट, आत चार खांबांवर तोललेला घुमट. रस्त्याची पातळी वर्षानुवर्षं चढत गेली नि देऊळ खाली राहिलं, म्हणून आत शिरायला पायऱ्या उतराव्या लागतात. आपल्या दत्ताच्या देवळासारख्याच, बाळ्या. तिथेच माझे पाय थांबले.

नावाचा एक अर्थ असा लावतात की, बांधणारा 'कापनिकोन' वसूल करणारा होता. कापनिकोन म्हणजे चुलीच्या धुरावरचा कर, घरटी चूलपट्टी. तुझे आजोबा तिथे असते तर शेजारच्या चुलीसुद्धा मोजून आले असते.

आता मुख्य गोष्ट. 1834 मध्ये अथेन्स राजधानी झाली, नवे सरळ रस्ते आखले गेले आणि हे चर्च बरोब्बर रेषेत आलं. पाडायचंच ठरत होतं. ग्रीसचा तरुण राजा ओटो, त्याचे वडील म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियाचे राजे लुडविग, मध्ये पडले आणि ते वाचलं. 1863 मध्ये पुन्हा तीच टांगती तलवार. तेव्हा अथेन्सचे मुख्य धर्मगुरू आडवे आले. 1931 पासून ते विद्यापीठाकडे आहे. आतली चित्रं 1942 पासून फोटिस कोंतोग्लूंनी रंगवायला घेतली. शहर जर्मनांच्या ताब्यात, लोक उपासमारीतून नुकते उठलेले, आणि हा माणूस जुन्या बायझंटाइन रीतीनं भिंतीवर देवाची आई काढत होता.

मेणबत्ती लावून मी बराच वेळ उभा होतो. मनात एकच. आपलं दत्ताचं देऊळ पाडायच्या, रस्तारुंदीच्या त्या कागदावर मी सही केली. तू म्हणत होतास, "चार हात वळवा रे रस्ता." मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, देवासाठी रस्ता वळत नसतो. वळतो, बाळ्या. काल मी त्यावरून चाललो. तेव्हा अण्णांनी मला पारावर बोलावलं होतं, मी गेलो नाही. तू वर्षभर बोलला नाहीस आणि मला वाटायचं, सायकलचाच राग धरलायस. सायकल मी मोडली नव्हती, हे आजही सांगतो. पण देवळाचं माझ्याकडून चुकलं. लोकांनी चार दिवस आधी एकत्र जाऊन नुसतं मागितलं असतं, तरी कदाचित देऊळ वाचलं असतं. मी मागणाऱ्यांत नव्हतो, एवढंच मला झोपू देत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीची बारावी झाली का? दुकानाला नवा पत्रा टाकलास असं काकू म्हणाल्या.

पाडायच्या आदल्या रात्री तू पादुका उचलून घरी नेल्यास, त्या माजघरातच आहेत ना? दिवाळीनंतर उतरतोय. पहिल्या गुरुवारी पहाटे येईन. त्यांच्यावर मला एक तांब्या पाणी घालू दे.

तुझा,
नाना