रविवारी फांद्यांची छाटणी : गाड्या हलवा, झाडांखाली थांबू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ ते दुपारी १ या वेळेत ए आणि बी विंगमधल्या रेनट्री व गुलमोहराच्या धोकादायक फांद्या छाटायच्या आहेत. वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली आहे, प्रत बोर्डावर लावली आहे.

मागच्या वर्षी बकेटवाल्या गाडीचा (कामगाराला बकेटमध्ये उभं करून वर नेणारी गाडी) एक जॅक, म्हणजे गाडी स्थिर धरणारा पाय, ड्रेनेजच्या झाकणावर टेकवला होता. झाकण तडकलं, गाडी वीतभर कलली आणि वरचा मुलगा फांदीला मिठी मारून राहिला. त्याने पट्टाही लावला नव्हता. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून या वेळी बकेट वर जाण्याआधी समिती स्वतः बघणार :

- जॅक पक्क्या जमिनीवर, खाली जाड फळ्या.
- हायड्रॉलिक पाइपच्या जोडांतून तेल पाझरत नाही ना. पाइप फुटला तर बकेट वरच अडकू शकते; तेल अडवून बकेट धरून ठेवणारा सिलिंडरचा व्हॉल्व्हही खराब असेल तर थेट खाली येते. रिकामी बकेट खालच्या कंट्रोलवरून उतरवून दाखवल्याशिवाय काम सुरू होणार नाही.
- कामगाराचा सेफ्टी बेल्ट बूमला (बकेट उचलणाऱ्या लांब हाताला) बांधलेला, झाडाला नाही.

तारा जवळ असल्याने बी विंगची वीज बंद राहील. पाणी आदल्या रात्री भरून ठेवा.

शनिवारी रात्री १० पर्यंत झाडांखालच्या गाड्या हलवा. मुलांना दोरीच्या आत सोडू नका. वारा सुटला तर काम थांबवू आणि नवी तारीख कळवू.

– सचिव