मेनफ्रेमवरील विलंबाला दरवेळी लाइनच कारण नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरील (प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या संगणकांवरील) रात्रीच्या बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामे, वेळेत संपल्या नाहीत, की सर्वप्रथम नेटवर्कच्या लाइनला दोष दिला जातो आणि अधिक क्षमतेच्या लाइनचा प्रस्ताव पुढे येतो. त्यावर खर्च करण्यापूर्वी डेटा यंत्राच्या आतच किती वेळा कॉपी होतो आणि किती वेळ नुसता थांबून राहतो, हे मोजले गेले पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टमवरील एखादे अ‍ॅप्लिकेशन व्हीटॅम या संदेशवहनाच्या सॉफ्टवेअरमार्फत दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनला डेटा पाठवते, तेव्हा नेहमीच्या पद्धतीत तो आधी व्हीटॅमच्या बफरमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या जागेत) आणि तेथून घेणाऱ्याच्या बफरमध्ये कॉपी होतो. या कामात सीपीयू खर्ची पडतो आणि मेनफ्रेमवर सीपीयूचा वापर महाग असतो. म्हणूनच आयबीएमने हाय परफॉर्मन्स डेटा ट्रान्सफर ही सोय दिली. तिच्यात डेटा सीएसएम या सामायिक बफर-व्यवस्थेत राहतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे केवळ त्या बफरचे टोकन (ओळखचिन्ह) जाते. हे बफर 4 केबीपासून 180 केबीपर्यंतच्या आकारांत मिळतात. छोट्या संदेशांना या सोयीचा विशेष लाभ नाही, मोठ्या फायलींना मात्र तो निश्चित आहे. अर्थात सीएसएमची कमाल मर्यादा पुरेशी ठेवलेली असली तरच.

दोन्ही अ‍ॅप्लिकेशन एकाच यंत्राच्या वेगवेगळ्या एलपारमध्ये, म्हणजे स्वतंत्र यंत्रासारख्या चालणाऱ्या विभागांत, असतील, तर डेटा नेटवर्क कार्डातून बाहेर काढण्याचे कारणच उरत नाही. तेथे यंत्राच्या मेमरीतूनच डेटा पोहोचवणारे हायपरसॉकेट्स किंवा 2016 साली आलेले एसएमसी-डी वापरता येते.

डेटा दूरदेशी जाणार असेल, तर टीसीपी विंडो, म्हणजे पोच येण्याआधी एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा, तपासावी. विंडो 64 केबीची आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ 200 मिलिसेकंद असेल, तर एका कनेक्शनवर सेकंदाला सुमारे 2.6 मेगाबिटच जातात, मग लाइन एक गिगाबिटची का असेना! विंडो वाढवण्याचा मार्ग 1992 सालच्या आरएफसी 1323 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासून उपलब्ध आहे.

पुण्या-मुंबईतील अनेक तरुण परदेशी ग्राहकांच्या मेनफ्रेम सांभाळतात. कोबोल आणि जेसीएल या मेनफ्रेमवरील भाषांच्या जोडीने व्हीटॅम, सीएसएम आणि टीसीपी विंडो हे विषयही कंपन्यांनी त्यांना सुरुवातीच्या प्रशिक्षणातच शिकवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सिस्टम प्रोग्रॅमर, पुणे