आप्पियाच्या रस्त्यावर आईची ओढणी सोडवून देणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आणि हे मराठीत लिहितेय म्हणजे तुम्ही वाचणार नाही हेही कळतंय, पण रोमहून परत येऊन दहा दिवस झाले तरी आई रोज जेवताना तुमचा विषय काढतेच, म्हणून म्हटलं लिहून टाकावं एकदाचं.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही ई-बाईक घेतल्या होत्या. रविवार, गाड्यांची वर्दळ नाही, दोन्ही बाजूला छत्रीसारखी पाइनची झाडं, आणि खाली इसवी सनपूर्व 312 साली बांधायला घेतलेला हा आप्पियाचा रोमन रस्ता! आई सुरुवातीलाच म्हणाली, अगं हा तर आपल्या वाईकडचा काळा दगड. तसं तिचं अगदीच चुकलं नव्हतं, तोही लाव्हाचाच दगड, तिकडच्या आल्बान डोंगरांच्या ज्वालामुखीतला. पण त्या दगडांवरून बाईक चालवायची म्हणजे हाडं खिळखिळी होतात, त्यामुळे जमेल तिथे कडेच्या मातीच्या वाटेवरून जायचं. चेचिलिया मेतेल्लाची ती भलीमोठी गोल कबर बघून मी आईला सांगितलं की ही क्रासस नावाच्या सरदाराची सून, ज्या क्राससने स्पार्टाकसचं, म्हणजे गुलामांचं, बंड मोडलं आणि ज्या बंडाची सहा हजार माणसं याच रस्त्यावर क्रुसावर चढवली गेली, तर आईचं भलतंच, "सुनेसाठी एवढं बांधलं?"

त्याच्या पुढे दहा मिनिटांत ओढणी गेली मागच्या चाकात.

साधी ओढणी असती तर काही नाही. आजीचं इरकल विरलं तेव्हा त्यातला धड राहिलेला भाग काढून केलेली ती ओढणी. मी गाठ मारून दिली होती पण धक्क्यांनी सुटली असणार, चेनमध्ये, गिअरमध्ये अशी गुंडाळली गेली की चाक ना पुढे ना मागे. आई पडली नाही हे नशीब. ज्यांच्याकडून बाईक घेतल्या त्या दुकानाला फोन लावला, तिसऱ्यांदा उचलला, आणि पहिला प्रश्न काय तर बाईकला काही झालं का! आई कशी आहे वगैरे काही नाही. म्हणे कापड कापा आणि बाईक घेऊन या, डॅमेज असेल तर डिपॉझिटमधून कापू. म्हणजे इकडूनही कापा, तिकडूनही कापा. दोन-तीन सायकलवाले ग्रुप बाजूने हात हलवत गेले. आणि खरं सांगू का, मीपण आईला म्हणालेच, जाऊ दे गं, कापूया. ती काही बोलली नाही, नुसती ओढणीचं टोक धरून उभी राहिली.

तुम्ही समोरच्या फाटकातून बागेची कात्री हातात घेऊन आलात, मला वाटलं झालं, आता कापणार. तुम्ही आईच्या तोंडाकडे बघितलंत आणि कात्री मागच्या खिशात घातलीत. काका, बाकी सगळं विसरेन, ते नाही विसरणार. आधी बॅटरी काढून ठेवलीत, मला मागचं चाक उचलून धरायला लावलंत आणि त्या दगडांवर मांडी घालून बसलात, पियानो पियानो, म्हणजे हळूहळू, म्हणत बोटभर बोटभर चाक उलटं फिरवत. माझे हात भरून आले, तुम्ही मान वर केली नाहीत. अर्धा तास तरी गेला असेल. ओढणी निघाली ती चेनच्या काळ्या तेलाने माखलेली, तर तुम्ही साबण आणून स्वतः धुतलीत, झटकलीत आणि आईच्या हातात देताना घडी घालून दिलीत. वयाने माझ्या आजोबांएवढा माणूस, अनोळखी बाईची ओढणी घडी घालतोय!

अशी माणसं आपल्याकडेही असतात, नाही असं नाही. पंक्चर काढून "राहू द्या ताई" म्हणणारा एखादा भेटतोच. पण पैसे घेऊन मदतीला बांधलेले लोक फोनवर हात झटकतात आणि ज्याचा काही संबंध नाही तो बागकाम सोडून रस्त्यावर बसतो, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

तुम्ही हाताने दाखवलंत त्या वाटेने आम्ही अक्वेदोत्तीपर्यंत, म्हणजे त्या जुन्या रोमन जलवाहिन्यांपर्यंत, पोचलो बरं का. संध्याकाळच्या उन्हात त्या कमानींची रांग बघून आई गप्पच झाली. इसवी सन 52 मध्ये पूर्ण झालेला आक्वा क्लाउदिया, जवळजवळ 69 किलोमीटरवरून शहरात पाणी आणणारा. मग तिथल्या गवतावर ओढणी पसरून वाळवली. आणि हो, दुकानाने चेनवर ओरखडा दाखवून पैसे कापलेच, कापू देत.

तुम्ही पैसे घेईनात म्हणून आईने शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबाच तुमच्या हातात कोंबला, आठवतंय ना? आता तिला दुसरीच काळजी लागलीये. ती म्हणतेय, त्यांना सांग डबा ठेवून घ्या, पण झाकण जरा घट्ट आहे, ओढायचं नाही, कडेला अंगठ्याने दाबून फिरवायचं.

तुमची,
चाक उचलून धरणारी